तीन पोर्ट आणि पोतंभर हळद

“विचारलंस का?” अक्का दिवसातून वीसदा तरी म्हणायच्या. स्वतःच्याच यंत्राचं झाकण उघडतानाही आधी बोटांनी दोनदा टकटक करायच्या. तुम्ही त्यांच्याकडे आठवडाभर बसला असतात, तर घरच्या फ्रिजलाही टकटक करू लागला असतात. माझं तसंच झालं होतं.

विद्यानगरच्या एका खोलीत त्या कॉम्प्युटरवर चालणारी जुनी यंत्रं दुरुस्त करत. मी पुण्याहून आलो तो तीन महिन्यांच्या बोलीवर. शेवटच्या दिवशी बेगम बाजारातल्या एका सेठजींचं हळद भरायचं यंत्र माझ्या प्रोग्रामवर चाललं तर नोकरी पक्की, नाहीतर परतीची बस.

लिनक्समध्ये प्रोग्रामला पोर्टला, म्हणजे यंत्राला हुकूम धाडायच्या नंबर घातलेल्या दारांना, परस्पर हात लावता येत नाही. आधी सिस्टम कॉल करून परवानगी मागायची: अमुक नंबरापासून इतके पोर्ट द्या. आमच्या यंत्राच्या हळद सोडणाऱ्या झडपेला तीन पुरत.

“तीन लागतात तर तीनच माग,” अक्का बजावायच्या. “पाहुण्यानं अख्ख्या घराच्या किल्ल्या मागू नयेत.”

मी दीडशहाणा. त्या शेवटच्या दिवशी सेठजींच्या दुकानात, कोण मोजत बसणार म्हणून, दुसऱ्या एका कॉलनं सरसकट सगळेच पोर्ट मागून घेतले.

आणि नेमका पोर्टचा नंबर चुकलो! झडप बंद करायचा हुकूम गेला कीबोर्डच्या चिपकडे; तीनच पोर्ट मागितले असते तर लिनक्सनंच तो अडवला असता. रीस्टार्टचं कामही त्या चिपकडेच असतं; तिनं कॉम्प्युटरच रीस्टार्ट केला आणि तो पुन्हा सुरू होईतो झडप उघडी ती उघडीच. सेठजी तेव्हाच खाली वाकून बघत होते आणि अक्का त्यांना खेटून उभ्या होत्या.

“अम्मा! मेरेकू दूल्हा बना दिये!” टकलापासून चपलेपर्यंत पिवळे सेठजी ओरडले. अक्कांना इतकं हसू आलं की त्या मिरच्यांच्या पोत्यावर बसल्या, आणि मग शिंकाच शिंका. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं.

“किसका काम है ये?” सेठजींनी विचारलं.

“मेरा. माफ करो सेठजी,” अक्का म्हणाल्या, आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. मी मान खाली घालून नंबर सुधारला आणि तीनच पोर्ट मागितले. पाकिटं टपाटप भरून पडू लागली. त्या क्षणी मला अक्कांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

अक्कांना जाऊन वर्ष झालं. मला त्या अजून दिसतात त्या तशाच, त्या दिवशी दुकानातून निघाल्यावर भुवयांपर्यंत पिवळ्या, बेगम बाजाराच्या गर्दीतून ऐटीत चालताना. एका बांगडीवालीनं त्यांना थांबवलं. “क्या अक्का, किसकी हल्दी थी?”

“इसकी!” माझ्याकडे बोट करून त्या पुन्हा शिंकल्या. “आज नौकरी पक्की हुई ना!”