भायर सरल्या, काकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवळात उभी राहूनही नाही. तिथे मी डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत राहते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही सुलक्षाला ओळखत नाही. ओळखत असता तर गप्प बसले असते, एवढी मी शूर.

सुरुवात कुठून करू? कारखान्यापासून करते, ते सोपं आहे.

बारावीनंतर मी आणि सुलक्षा, म्हणजे सुलू, गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. मी पेडण्याची, ती पाळी गावची. आठवडाभर औषधाच्या गोळ्यांची पाकिटं बांधणाऱ्या यंत्रांवर काम, त्याचा पगार, आणि शनिवार-रविवार वर्ग — असं करत शेवटी इंजिनियरिंगची पदवी. आमच्या वाड्यावरच्या बायकांना ते खरंच वाटेना. ‘काम करून खंय इंजिनियर जातात गो?’ काम करून कुठे कुणी इंजिनियर होतं का, असं आईला विचारायच्या. आई बिचारी हसून वेळ मारून न्यायची.

तिथे शिकाऊ मुलांच्या जोड्या असत. सुलू माझी जोडीदार. जोडीचा प्रकल्प एक, आणि फोन ठेवायचा कप्पाही एक. यंत्रांपाशी फोन न्यायला बंदी होती ना. मग जोडीतलं जे कुणी बाहेर असेल त्याच्याकडे कप्प्याची चावी, आणि फोन कुणाचाही वाजो, त्यानंच उचलायचा आणि निरोप आत पोचवायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडत कुणीच नसे. सुलूच्या आईचे — काकीचे — फोन मी इतके उचलले होते की शेवटी शेवटी काकी लेकीला विसरून माझ्याशीच गप्पा मारत बसायची. आज भाजी काय केली, पप्पा औषध घेताना कशी तोंडं करतात. पप्पांच्या दवाखान्याचं सगळं सुलूच बघायची. तिच्याशिवाय ते डॉक्टरच्या दारात पाऊल टाकत नसत.

बघा, किती लांबण लावते आहे मी.

शेवटच्या परीक्षेचा दिवस होता. परीक्षक बाहेरून आलेले. आम्ही बनवलेलं यंत्र त्यांच्यासमोर चालवून दाखवायचं होतं. आम्ही कसलं — त्यातलं डोकं सगळं सुलूचं. मी नट आवळले, तारा ओढल्या आणि चहा आणला. ती नसती तर यंत्र जागचं हललं नसतं आणि मला तोंड उघडता आलं नसतं. परीक्षा पुढच्या वर्षावर गेली असती. आणि मला तर मोपाच्या विमानतळावर नोकरी ठरलेली, पदवी हातात पडली की रुजू व्हायचं होतं.

एक सुटा भाग आणायला मी फाटकाशी गेले. तिथल्या आमच्या कप्प्यात सुलूचा फोन वाजत होता.

काकी म्हणाली, ‘सुलूच्या पप्पांच्या छातींत दुखता गो. गाडी दारांत आसा, पूण सुलू आयल्याबगर वचना म्हणटात.’

सुलू आल्याशिवाय जाणार नाही, असा पप्पांचा हट्ट. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगू का? नको. ती पळवाट होईल. काय बोलले तेवढं सांगते.

‘भायर सरल्या, काकी. पावतलीच.’

निघाली आहे, पोचेलच — असं मी सांगितलं. सुलू आत होती. मी फोन कप्प्यात ठेवला, कुलूप लावलं आणि आत गेले. मला बघून ती हसली. काय गो, इतका वेळ? म्हणाली. मी तिच्या हातात तो सुटा भाग दिला.

परीक्षा छान झाली. परीक्षकांना यंत्र इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा चालवायला लावलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, सुलू, घरून फोन आलाय, आत्ताच. स्कूटर मीच चालवली. पाळी किती लांब आहे तिथून? अर्ध्या तासाचीसुद्धा वाट नाही.

अंगणात माणसं जमली होती. लेक निघाली आहे म्हटल्यावर पप्पा गाडीत बसायला तयारच झाले नाहीत. दाराच्या पायरीवर रस्त्याकडे बघत बसून राहिले, आणि तिथेच गेले.

काकीनं सुलूकडे बघितलं. एवढंच म्हणाली, ‘जाली मगो परीक्षा?’

सुलू रडत रडत ‘जाली’ म्हणाली. आई काय विचारते आहे हे तिला कसं कळावं? मला कळलं. निरोप मिळूनही लेक परीक्षा संपवून आली, असं काकीला वाटलं होतं. तिची नमू, म्हणजे मी, खोटं बोलली असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

बाराव्याला काकीनं मला मागच्या दारी बोलावून माझा हात धरला. ‘तुवें सांगिल्लें तिका. तुजो दोष ना बाये.’

मी मान हलवली.

फोनवरचं खोटं घाईत तोंडातून गेलं, असं एखादा म्हणेल. ही मान मी घाईत नाही हलवली. माझा हात काकीच्या हातात होता, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी हो म्हणून मान हलवली.

पदवी दोघींनाही मिळाली. काकी सुलूशी कधी भांडली नाही. वाढायची, धुतलेले कपडे घडी करून ठेवायची, पण बोलायची नाही. आई माझ्याशी बोलत का नाही गो, असं सुलू मलाच विचारायची. मी म्हणायचे, दुःख आहे, वेळ लागेल. वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. कसं जमलं मला ते?

यंदा काकी अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी सुलू चमच्यानं पाणी पाजायला गेली, तर काकीनं मान भिंतीकडे फिरवली. सुलूनं चमचा माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकली.

काकीनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ उघडले. खोलीत आम्ही तिघीच होतो. काकीला ऐकू येत होतं. अजूनही सांगता आलं असतं.

मी पाणी पाजलं.