तीन मिनिटांचे आभार

लोक फ्रीज रिकामा न करता टाकायला आणतात, हे मला जर्मनीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आणतात तेही कसे, तर गाडीमागच्या ट्रेलरवर पट्ट्याने आवळून, दार चिकटपट्टीने बंद करून, अगदी व्यवस्थित. आत कधीतरी उन्हाळ्यात विसरलेलं मांस. चिकटपट्टी जराशी सुटली की जो वास येतो तो नाकात थांबत नाही, घशात उतरून बसतो. आणणारा माणूस इस्त्रीच्या शर्टात बाजूला उभा राहतो आणि म्हणतो, "तळघरात होता. आत काय आहे ते बघितलं नाही बुवा." मग ते मला बघावं लागतं. तांदळाएवढ्या अळ्या दाराच्या रबरावरून खाली पडतात, आणि तो साहेब तोंड फिरवतो. घाण त्याची, किळस मात्र माझ्या नारिंगी जाकिटाची.

लुडविग्सहाफेनच्या बाहेर जो लांडक्राइस आहे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा, त्याच्या वेर्टश्टोफहोफवर, म्हणजे टाकाऊ सामान गोळा करायच्या आवारावर, मी काम करत होते. घरातल्या डब्यात मावत नाही ते लोक तिथे आणून देतात: गाद्या, टीव्ही, रंगाचे डबे, झाडांच्या फांद्या. कुठल्या कंटेनरमध्ये काय टाकायचं ते आम्ही दाखवायचं, आणि चुकीचं टाकलं तर उचलून काढायचं. दुसरं कामच जास्त. आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचा मुकादम. मुकादम म्हणजे साठीला आलेला एक जर्मन, ज्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आल्झो'ने, म्हणजे 'तर मग'ने, आणि शेवट खोकल्याने व्हायचा.

मी सातवी शिकलेली. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीचा वर्ग 'मंजूर आहे' असं दरवर्षी ऐकायचो. हायस्कूल तालुक्याला, आणि एसटी सकाळी यायची ती शाळा भरून गेल्यावर. संपला विषय. नवरा मात्र इंजिनिअर निघाला, इथल्या रसायनांच्या कारखान्यात लागला आणि मला घेऊन आला. त्याच्या आईला मी फोनवर सांगितलं, "आई, मला जिल्ह्याच्या ऑफिसकडून नोकरी लागली." त्यांनी वस्तीभर सांगितलं की सून जर्मनीत कलेक्टर कचेरीत आहे. मी ते दुरुस्त केलं नाही, कारण पगार खरोखर लांडराटच्या कचेरीतूनच यायचा. लांडराट म्हणजे कलेक्टरच, फक्त वरून नेमलेला नाही, मतं मागून निवडून आलेला.

आमच्या लोकांना मात्र सांगावं लागलंच. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला सगळे जमतात. कुणी डॉक्टरेट करतंय, कुणी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एक हुशार मुलगी पुलावाची ताटली हातात घेऊन माझ्याशी छान बोलत होती. काम ऐकल्यावर तिचा घास थांबला. म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण जे काम सोडायला आपल्या आजोबांनी गाव सोडलं, तेच तुम्ही इथं येऊन धरलंत?"

मी म्हटलं, "इथं हातमोजे देतात गं. आणि मुकादम माझ्या डब्यातली भाजी खातो."

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. पण मी खोटं बोलले नव्हते.

मला या लांडक्राइसचे मनापासून उपकार वाटायचे, ते कसे सांगू? ज्या दवाखान्यात माझी मुलगी जन्मली तो लांडक्राइसचा. ती ज्या बसने शाळेत जाते तिचं भाडं लांडक्राइस भरतो. आणि ज्या संध्याकाळच्या वर्गात मी वयाच्या तिशीत पहिल्यांदा न घाबरता वाचायला शिकले, तोही लांडक्राइसच्याच शाळेतला. माझ्या जिल्ह्याने मला एक वर्ग दिला नाही आणि या परक्या जिल्ह्याने दिला. त्या उपकारापोटी मी अळ्या उचलायची. आणि भीतीपोटी. ऑफिसमधून फोन आला की वाटायचं, आता कळलं त्यांना की हिला काही येत नाही.

एके दिवशी मुकादम फोनवरून उठून आला आणि फाटकाला टेकून उभा राहिला.

"आल्झो. बंद करतायत."

"फाटक? इतक्या लवकर?"

"आवार. आपलं आणि आणखी दोन लहान. सगळं मोठ्या प्लांटवर नेणार."

मोठा प्लांट लांडक्राइसच्या दुसऱ्या टोकाला. मला गाडी चालवता येत नाही. तिकडे जायचं तर आधी उलट दिशेने शहरात जाऊन बस बदलायची, आणि शनिवारी ती बसही नाही. माझी नोकरी म्हणजे ते आवार. ते गेलं की नोकरी कागदावर राहणार आणि मी घरात. मुकादमाने उपाय शोधला होता. आठवड्यातून दोन दिवस तरी आवार उघडं ठेवा, एवढंच मागायचं. क्राइसटागमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून आलेल्या सभेत, सुरुवातीला रहिवाशांना प्रश्न विचारायला वेळ असतो.

"मग तुम्हीच विचारा ना," मी म्हटलं.

"मी ऱ्हाइनच्या पलीकडे राहतो. ते दुसरं राज्य. तिथे मी परका." तो खोकत हसला. "इथली रहिवासी तू आहेस."

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, तुला कुणी सांगितलंय नसत्या भानगडीत पडायला? प्लांटवर जमत नसेल तर सोड नोकरी. माझ्या पगारात भागतंय की."

"अहो, भागतंय म्हणून नाही."

"मग कशासाठी?"

शेजारून मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, तू जा." मराठी तिला सगळं कळतं. ती मला प्रश्न पाठ करवून घेत बसली: आवार पूर्ण बंद करण्याऐवजी दोन दिवस चालू ठेवता येईल का? एवढं एकच वाक्य. एका दमात म्हणता येत होतं.

सभा दुपारची होती. लांब अर्धगोल टेबलं, पाण्याच्या बाटल्या, लोणी लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळे पाव. समोर लांडराट. मुकादम माझ्या शेजारी, प्रेक्षकांत. माझं नाव पुकारलं आणि मी माइकपाशी गेले. लांडराट म्हणाले, तीन मिनिटं.

आता आमच्याकडे साहेबापुढे उभं राहिलं की आधी काही मागायचं नसतं. आधी मागितलं तर माणूस उद्धट ठरतो. आमच्या गावच्या ग्रामसभेला गटविकास अधिकारी यायचे तेव्हा वडील आधी साहेबांचे आभार मानायचे, मग मागच्या साहेबांचे, मग रस्ता झाला त्याचे, बोअरवेल झाली तिचे. मागणी सगळ्यात शेवटी यायची, तीही खालच्या आवाजात, चहा झाल्यावर. मी तेवढंच बघितलेलं. तोंड उघडलं आणि आपोआप तेच निघालं. लांडराट साहेबांचे आभार. सभासदांचे आभार. दवाखान्याचे, तिथल्या दाईचे. बसचे. संध्याकाळच्या वर्गाचे आणि त्या बाईंचे ज्यांनी मला वाचायला लावलं. आवारावर मला सन्मानाने वागवलं जातं, हातमोजे मिळतात, बूट मिळतात. माझं जर्मन कधी नव्हतं इतकं सरळ चाललं होतं. मला तर आनंदच होत होता. वाटत होतं, ऐकतायत. आता शेवटी हळूच मागायचं.

"आणि तुमचा प्रश्न?" लांडराटनी घड्याळाकडे बघून विचारलं.

मी श्वास घेतला.

"क्षमस्व, वेळ संपली. लेखी जरूर पाठवा."

सगळे सभासद बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोकायला लागले. मला वाटलं, खाली बस म्हणून हाकलतायत. मी घाईने जागेवर आले. मुकादमाने माझ्याकडे बघितलं नाही. खोकलासुद्धा नाही.

त्यानंतर कितीतरी वेळ वेगळंच भांडण चाललं. मला वाटलं ते आमच्याबद्दलच आहे. मुकादम कानात म्हणाला, "नाही, ही वर्गणी. लांडक्राइसला स्वतःचा कर जवळजवळ नाहीच. थोडं राज्य देतं, बाकीचं गावांकडून घेतात. आणि ते बघ, गावांचे मेयर सभासद होऊन इथेच बसलेत." म्हणजे ज्यांनी द्यायचं तेच ठरवणार किती द्यायचं. एकेक मेयर उठून सांगत होता की बस हवी, दवाखाना हवा, शाळेचं छप्पर हवं, पण माझ्या गावाकडून जास्त मागू नका. एकाच्या मिशीला लोणी लागलं होतं. आमचा खर्च या वर्गणीतून नव्हताच. कचऱ्याचा हिशोब वेगळा, घरोघरच्या डब्यांच्या फीवर चालणारा. पण फी वाढवली की मतं जातात. तेव्हा आवारं बंद.

आमचा विषय आला तेव्हा लोणीवाला मेयर उठला. त्याला मी ओळखत होते. शनिवारी ट्रेलर भरून यायचा, बागेच्या कचऱ्याखाली तुटक्या फरशा लपवून. मी त्या हाताने बाजूला काढायची. तो माझ्याकडे हात करून म्हणाला, "बंद केलं तर कामगारांचे हाल होतील असं काही जण म्हणतात. तिथे काम करणाऱ्या बाई स्वतः आत्ता आपल्यापुढे बोलून गेल्या. काही तक्रार ऐकलीत? त्या समाधानी आहेत. लांडक्राइस त्यांची नीट काळजी घेतोय. आपल्याला यापेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळणार?"

पुन्हा टेबलं वाजली. थोडं हसू, प्रेमळ हसू. मला वाटलं, उठावं. पण आता रहिवाशांची वेळ नव्हती, आणि माझी उठायची हिंमतही नव्हती. हात वर झाले. विरुद्ध फारच थोडे. ज्या तोंडाने मी दाईचे आभार मानले, ते तोंड त्यांनी पुसायच्या कागदासारखं वापरलं आणि टाकलं. फ्रीजचा वास येतो तसा माझ्याच शब्दांचा वास घशात येऊन बसला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, ते सारखी टेबलं वाजवत होते."

"त्या टाळ्या असतात गं इथल्या."

"कशासाठी पण?"

ते बूट काढत होते. म्हणाले, "तू काही मागितलं नाहीस म्हणून."

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. मुलगी मात्र रडली, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा तिलाच जास्त लाज वाटली.

लेखी पाठवलं. उत्तर आलं, निर्णय झालेला आहे, आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद.

वसंतात आवार बंद झालं. फाटकाला साखळी, आणि मोठ्या प्लांटचा रस्ता दाखवणारी पाटी. लोकांनी पाटी वाचली आणि तिच्या खालीच टाकलं. पहिल्या आठवड्यातच गाद्या, फाटक्या पिशव्यांतून बाहेर आलेले लहान मुलांचे वापरलेले डायपर, माशांचं पाणी न काढता ठेवलेली काचेची पेटी. मासे होते त्यात. आवारातलं उरलेलं सामान हलवायला मला आणि मुकादमाला तिथेच ठेवलं होतं, म्हणून ते साफ करायचं कामही आमच्यावर आलं. पावसात भिजलेली गादी उचलली की तिच्या पोटातून तपकिरी पाणी बाहीत शिरतं. मुकादम गाडी आणायला गेला होता. मी एकटी डायपर गोळा करत होते.

एक मोटार थांबली. चांगल्या कोटातली बाई उतरली, आवारावर नेहमी येणारी, नेहमी हसून बोलणारी.

"अरे वा, तुम्ही आहात तर! मला वाटलं खरंच बंद झालं."

"बंद झालं."

"पण तुम्ही आहात ना." तिने डिकी उघडली, एक भरलेली पिशवी उचलून माझ्या पायाशी ठेवली आणि दुसरी काढायला वळली. पिशवीच्या कोपऱ्यातून काहीतरी पातळ गळत होतं. "डांके! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सगळं चालतंय."

माझ्या जिभेवर 'बिट्टं', म्हणजे 'असू द्या', आलंच होतं. ते सवयीनेच येतं. मी ते गिळलं. पिशवी उचलली, हातमोज्यावर ओघळ आला, आणि मी ती परत तिच्या डिकीत ठेवली. नीट ठेवली, आपटली नाही. दुसरी तिच्या हातातच होती.

"नाइन," मी म्हटलं. "मोठ्या प्लांटवर."

"पण तो केवढा लांब आहे!"

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग डिकीतल्या डागाकडे. चेहऱ्यावर तीच किळस, पण या वेळी ती माझ्या जाकिटाकडे बघून आलेली नव्हती. दार लावून ती गेली. गाडीचा नंबर दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते आणि मनात घोकत होते की हिने तक्रार केली तर काय सांगायचं, कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची. मुकादम गाडी घेऊन आला तेव्हा मी अजून रस्त्याकडेच बघत होते. त्याने विचारलं काय झालं, आणि मी त्याला गादीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.