ताईचा सतरा नंबरचा फॉर्म

आमच्या घरापासून शाळा किती लांब होती, हा आकडा दर काही वर्षांनी वाढत गेला आहे. लग्नानंतर नवऱ्याला मी एक किलोमीटर सांगितलं होतं. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याचे तीन झाले, आणि अकरावीत जाऊन त्याने क्लाससाठी गाडी मागितली त्या दिवशी पाच. तेही अनवाणी. कंदिलाच्या उजेडातला अभ्यास त्यात होताच.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पिपरी मेघेत आमचं दोन मजली घर आहे. पण मूळची मी सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वे गावची. वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये हमाल होते, कापसाच्या गाठी उचलायचे. माय त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची. जिनिंगमालकाचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याचा डबा स्टीलचा, तीन खणांचा. मधल्या खणात काय असतं हे बघायला अर्धा वर्ग त्याच्याभोवती जमायचा, त्यात मीही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात शाळेने माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला आणि जिनिंगमालकाच्या त्या मुलाला आणि मला पाहुणे म्हणून बोलावलं. विषय दिला होता, 'मी कसा घडलो'. मी चार पानं लिहून काढली आणि आठवडाभर जेवायच्या टेबलाशी उभी राहून म्हणून पाहिली. माय आता आमच्याकडेच राहते. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून मी निर्धास्त होते.

मेळाव्याला आम्ही सगळे गेलो. माझी थोरली बहीणही आली. ती सेलू तालुक्यातल्याच एका खेड्यात असते, घरची थोडी शेती आहे, मुलगा बुटीबोरीला ठेकेदाराकडे कामाला जातो. पाहुण्यांची आई म्हणून मायला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. ताई म्हणाली, "मी मांगंच बरी," आणि मागे बायकांमध्ये जाऊन बसली.

आधी जिनिंगमालकाचा मुलगा बोलायला उठला. आता तो स्वतःच दोन जिनिंगचा मालक, शाळेच्या समितीवरही आहे. बोलतो छान.

"मित्रांनो, मी शून्यातून सुरुवात केली," तो म्हणाला. "वडिलांनी मला फक्त एक जुनी जिनिंग दिली."

तेवढ्यात मायचा आवाज आला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय हे कळत नाही.

"अन् गोदाम?"

लोक हसले. तो थबकला, मग त्यानेच हात जोडले. "हो मावशी, गोदाम बी दिलं."

"अन् ट्रक?"

"ट्रक बी दिला मावशी. पण जुना होता."

"जुना कायचा! त्याची पूजा झाली त्या दिवशी पेढे वाटले तुह्या बापानं. म्या खाल्ले ना."

हशा, टाळ्या, शिट्ट्या. तोही पोट धरून हसला. आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी त्याला हेच विचारत होते. आता माझी पाळी, आणि माझ्याकडे तर ना गोदाम होतं ना ट्रक. मी ताठ मानेने माईकसमोर उभी राहिले.

"मी हमालाची मुलगी," मी म्हणाले. "पाच किलोमीटर पायी..."

"कोन?" मायने शेजारच्या मास्तरांना विचारलं. "हे? अवं, आपली खोली तं शाळेच्या मांगं होती. घंटी झाली का उठे हे."

माझा मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा त्याच्या दहावीच्या निकालालाही मी पाहिला नव्हता.

मी दोन वाक्यं गाळून पुढे गेले. "कंदिलाच्या उजेडात..."

"लाईट होता ना जिनिंगच्या खोलीत! अख्ख्या गल्लीत आपल्याच लायनीत होता."

मी तिसरं पान सोडून थेट शेवटावर उडी मारली. "एवढंच सांगेन, की माझ्या पाठीशी कुणी नव्हतं."

या वेळी माय ओरडली नाही. वळून तिने मागे पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "कुनी नव्हतं कसं? हे थोरली नव्हती का?"

मागून ताईचा आवाज आला, "माय, चूप बस न वं!"

पण माय सुरू झाली की सुरू झाली. तिने सगळ्यांना सांगितलं, की धाकटा भाऊ झाला तेव्हा ताई सातवी पास झाली होती. मायला परत कामावर जायचं होतं आणि पोराला सांभाळायला कुणी नव्हतं. मग ताईला घरी ठेवलं. मी दोन वर्षांनी लहान, मला मूल सांभाळता आलं नसतं, म्हणून मी शाळेत राहिले. "हुशार तं हेच होती," माय म्हणाली. "गनितात पैकीच्या पैकी."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. ताई भावाला कडेवर घेऊन खोलीच्या दाराशी उभी असायची आणि मी पाणी न भरता, भांडी न घासता दप्तर उचलून पळायची, हे मला चांगलं आठवतं. ते माझ्या गोष्टीत कधी आलं नाही, एवढंच. मी कागदांची घडी केली आणि म्हणाले, "आमची माय सांगते ते खरं आहे." एवढ्यावर भाषण संपलं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे समजण्याएवढी अक्कल मला होती.

परतताना गाडीत मी ताईला विचारलं, "तुला माझा राग यायचा का गं?"

"येत होता ना," ती म्हणाली. "तू माह्या लाल रिबिनी बी घेऊन गेली शाळेत. त्या तरी ठेवाच्या होत्या."

माय खिडकीला डोकं टेकून घोरत होती. मुलगा पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, "मावशी, तुला खरंच पैकीच्या पैकी मिळायचे? मग आई मला सारखी सांगते की गणित आपल्या रक्तात आहे, ते तुझं रक्त आहे का?"

"असंन," ताई म्हणाली. "तुह्या आईले तं पाढे मी शिकवले."

हेही खरं होतं.

पुढच्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. तिला कुठूनसं कळलं होतं, की शाळेत न जाता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. वय त्रेपन्न. मी म्हणाले, "अगं, आता काय करणार आहेस दहावी होऊन?"

"काई नाई. गनित पाहाचं आहे पुढचं. सातवीतच राह्यलं ते."

फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद. मी जिनिंगमालकाच्या मुलाला फोन लावला. त्याने कपाटं उघडायला लावली आणि तीन दिवसांत दाखला हातात. ताई खूश झाली. "पाह्य, आपला बी वशिला झाला!"

दर रविवारी ती पहिल्या एसटीने वर्ध्याला यायची. माझ्या मुलाची स्वतंत्र खोली आहे, अभ्यासाचं टेबल आहे, आणि रसायनाचं काही अडलं तर स्वयंपाकघरात हाक मारली की प्राध्यापक हजर. त्या टेबलाशी आता दोन खुर्च्या लागल्या. तो तिला बीजगणित शिकवायचा. महिनाभराने तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "मी स्टेप लिहीपर्यंत मावशी उत्तर सांगते. मग मी शिकवायचं काय?"

"इंग्रजी शिकव," मी म्हणाले.

तिथे मात्र दोघांचीही परीक्षा होती. ताई प्रत्येक स्पेलिंगशी भांडायची. जे अक्षर म्हणायचं नाही ते लिहायचं काऊन, याचं उत्तर तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी मुलाने मोबाइलवर नंबर टाकला. इंग्रजी राहिलं होतं. बाकी सगळे विषय निघाले, आणि गणितात तिला माझ्या दहावीच्या गणितापेक्षा सात गुण जास्त होते. मुलाने ते मोठ्याने, दोनदा वाचून दाखवलं. मी लगेच ताईला फोन केला. मागून शेतातला वारा आणि बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ताई, इंग्रजी राहिलं गं."

"राहू दे. जुलैत देतो," ती म्हणाली. "पोट्ट्याले सांग, येत्या रविवारी येतो म्हनून. अन् त्याची ती बारावीची गनिताची पुस्तकं रद्दीत देजो नको."