खिडकीतली मार्था

आयोवातल्या आमच्या गावात पाहुणा आला की त्याला नदीवरचा लाकडी पूल, पिठाची जुनी गिरणी आणि शेवटी गिरणीवाल्याचं घर दाखवतात. ते घर दाखवण्याचं काम निवृत्तीनंतर मी हौसेनं अंगावर घेतलं. काल एका मराठी कुटुंबातली चिमुरडी अंगणातच थबकली आणि वर बघत म्हणाली, "आजोबा, ती बाई खिडकीत उभी का आहे?"

वरची खोली कायम बंद असते. आणि मी तर अजून गोष्ट सांगायला सुरुवातही केली नव्हती.

गिरणीवाल्याच्या बायकोनं, मार्थानं, आपलं तान्हं बाळ नदीत सोडलं आणि ती जन्मभर त्या खिडकीत उभी राहिली, ही गोष्ट मी रचलेली आहे. लोकांच्या अंगावर काटा यावा, एवढ्यासाठी. आता ती गावाच्या माहितीपत्रकातही छापतात. खरं तर बाळ तापाच्या साथीत गेलं, आणि त्याच साथीत मार्थानं शेजाऱ्यांची मुलं सांभाळली. तिची पत्रं मी वाचली होती. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, या भरवशावर आपण वारसा म्हणून काय काय सांगत असतो!

काल मी तिथंच, सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली आणि हे सगळं कबूलही केलं. मुलीचे वडील हसले. "काय काका, भुताचीच गोष्ट बरी होती की!"

मुलगी हसली नाही. ती अजून वरच बघत होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "ती आता खाली बसली."