लाल ठिपके
कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं. यवतमाळबद्दलची माझी छोटीशी वेबसाइट जगात कुठे कुठे उघडली जाते, ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारा प्रोग्रॅम मी हौसेने लिहिला होता. कित्येक महिने नकाशा कोराच. एका सकाळी मात्र लंडनपासून टोकियोपर्यंत लाल ठिपके पेटले. मी ओरडून बाबांना बोलावलं. कचेरीतून निवृत्त झालेले बाबा चष्मा लावून बघत राहिले.

“आज कोन्या गावात कोन गेलं रे?”

“तुम्हाले कशाचं कौतुकच नाही!” मी खेकसलो.

पेपर अजून घडीतच होता. उघडला. बाभुळगावकडचे दोघे भाऊ, एकाच दिवशी.

तिसऱ्या दिवशी ठिपके विझले. त्यानंतर रोज सकाळी मी पेपरआधी नकाशा उघडायचो आणि तो कोरा दिसला की हिरमुसायचो.