मशीनच्या पाटावर मूठभर तांदूळ

शेणव्याहून निघाले तेव्हा भातकापणी आटपली होती. अंगणात टेम्पो उभा, त्यात माझी ट्रंक, दोन गोधड्या नि पाटा. वरवंटा मागं राहिला तो राहिलाच. आमचे मालक जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा दिनेश म्हणत होता, "आये, एकटी इथं नको राहू. ठाण्याला चल." सगळ्या बाया रडत होत्या, आणि माझी जाऊ कमळ रडायचं सोडून माझी कापडी पिशवी मागत होती. तिनं पिशवीत मूठभर तांदूळ टाकले नि म्हणाली, "रिकामी पिशवी उंबऱ्याभायेर न्यायची नाय गो. तिकडं जाऊन सगळं विसरशील, येवढं विसरू नको."

कमळ, मी विसरले नाय. सगळं रामायण त्यानंच झालं.

तुमा शेणव्याच्या बायांना हे सांगायला नको, पण माझ्यासारख्या ज्या गाव सोडून गेल्या त्यांच्या सुनांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंनी लावलेली सवय ही. शेजारणीचं भांडं जसं रिकामं परत करायचं नाय, तशी बाजाराची पिशवीही रिकामी न्यायची नाय. घरचे चार दाणे आत असले पाहिजेत. शहापूरला किराणा घ्यायला गेले की दुकानदारीण आधी पाणी द्यायची, मग भाव सांगायची. सापगावच्या बाया भेटायच्या. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची म्हैस आटली, सगळं तिथंच कळायचं. तेल-मीठ घ्यायला अर्धा दिवस मोडायचा, नि तो मोडला म्हणून कुणी हळहळायचं नाय.

ठाण्याला आमी इतक्या वर राहतो की लिफ्टमधे कानाला दडे बसतात. दिनेश आणि सूनबाई रूपाली सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. मग खालच्या सुपरमार्केटचं काम मी मागून घेतलं. घरात दुसरं काम मला उरलंच नव्हतं. भांड्याला बाई, कपड्याला मशीन. त्या दुकानात भाव कुणाला विचारायचा नाय, फळाला हात लावला तरी कुणी ओरडायचं नाय, सगळं थंडगार. मला गंमत वाटायची. पण खरं सांगू, मी जायचे ते काउंटरवरच्या सविताकरता. मुरबाडकडची पोर. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून हसली, "आजी, तुमी आमच्याच बाजूच्या दिसता!" तेव्हापासून माझी पाळी आली की तिचा हात मुद्दाम सावकाश चालायचा. "आजी, औंदा भात कसं झालं? आजी, येवढी साखर कशाला, लग्न काढलंय काय कुणाचं?" मी म्हणायचे, "तुजंच काढते, पोरगा बघून ठेवलाय." मागची माणसं चुळबुळ करायची. करू देत. दिवसभरात माझं नाव-गाव ठाऊक असलेलं ते एकच माणूस.

मग मशिनं आली. काउंटर काढले, आणि प्रत्येकानं आपला माल आपणच मशीनला दाखवायचा, मग पिशवी बाजूच्या पाटावर ठेवायची. पाट वजन ओळखतो म्हणे. रूपाली खूश झाली. "आई, किती बरं! कोणाशी बोलायलाच लागत नाही." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला दिवसभर ऑफिसात बोलून बोलून कंटाळा येतो, तिचंही खोटं नाय.

सविताला मशीनपाशी उभं केलं होतं, कुणाचं अडलं तर मदत करायला. मला म्हणाली, "आजी, घाबरू नका, मी हाय ना." मी साबण दाखवला, डाळ दाखवली, पिशवीत घातली, पिशवी पाटावर ठेवली. वरचा दिवा लाल झाला आणि मशीन बोंबलायला लागलं. पिशवीत जास्तीचं वजन आहे, तपासा. रांगेतली एक मुलगी फोनमधून मान वर काढून माझ्याकडे बघायला लागली. टाय बांधलेला साहेब आला. "पिशवी खाली करा."

तळाला तांदूळ निघाले. "हे कुठून घेतले?" मी म्हटलं, "घरचे हायत, साहेब. आमची रीत हाय." तो म्हणाला, "सुटे तांदूळ पलीकडे विकायला ठेवलेत आम्ही." मी सविताकडे बघितलं. तिला ठाऊक होतं. तिची आई पण घालते, तिनंच एकदा मला सांगितलं होतं. ती एवढं बोलली असती तरी पुरे होतं. पण तिनं साहेबाकडं बघितलं, मग पाटाकडं बघितलं. "आजी, नियम हाय," म्हणाली, आणि ते तांदूळ गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

तिच्यावर माझा राग नाय. काउंटरवरच्या बाकीच्या पोरींना केव्हाच घरी बसवलं होतं. ही राहिली होती, तिला टिकून राहायचं होतं. पण ते तांदूळ डब्यात पडले त्याचा आवाज अजून कानात आहे.

दिनेशला कुणीतरी सांगितलं. तो ओरडला नाय, ओरडला असता तर बरं. म्हणाला, "आये, आता तू खाली जाऊच नको. मी फोनवरून मागवत जाईन." झालं. नंतर एकदा मी गुपचूप जाऊन आले. सविता नव्हती. कुठं गेली विचारायला तिथं दुसरं माणूसही नव्हतं.

परत येईन म्हटलं तर शेणव्याच्या घराची मागची भिंत पावसात बसली. शहापूरच्या दुकानदारणीनं दुकान बंद केलं म्हणतात. आणि कमळ, तूच सांगितलंस की तुमचाही माल आता मोबाईलवरून येतो, बाजाराला कोण जातंय.

गेल्या आठवड्यात मला ताप होता, दिवसभर पडून होते. रूपाली आली तेव्हा पिशवी दाराबाहेरच पडलेली, आतलं दूध नासलेलं. "आई, बेल ऐकू नाही आली?" बेल वाजवतच नाहीत आता. माणूस माल ठेवतो, फोटो काढतो, जातो. फोटो दिनेशच्या फोनवर येतो.

तू सारखी म्हणतेस ना, तुजं घर कसं हाय ते दाव तरी, फोटू पाठव. मी दिनेशकडून तो पिशवीचा फोटो घेतला आणि तुला पाठवते आहे. बंद दार आहे, दाराशी पिशवी आहे. दाराच्या आत मी आहे. माझ्या घराचा एवढाच फोटो माझ्याकडं आहे.