दुखणं दहापैकी शून्य

नागापूरच्या कारखान्यात टेम्पोतून पत्र्याचा गठ्ठा घसरला आणि माझ्या डाव्या पायाची नडगी मोडली. घर लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडाऱ्याकडे. इथं आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. दवाखान्यात एक ताई कागद घेऊन पलंगाशी बसल्या. हाड जोडायच्या दोन पद्धती आहेत, म्हणाल्या, हाडाच्या आत रॉड किंवा वरून प्लेट. दोन्ही चालतात, पण जास्त बरी कुठली ते पक्कं ठाऊक नाही, म्हणून अभ्यास चाललाय. कुणाला काय बसवायचं ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. नको असेल तर नाही म्हणा, उपचार तसेही होतील. मी हो म्हणालो. माझ्या पाकिटात रॉड निघाला.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्वतः माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. "टाक वजन, मी धरलंय." घर सोडल्यापासून मला असं कुणी धरलं नव्हतं.

मग अभ्यासासाठी दर काही महिन्यांनी ताईंचे प्रश्न. "दुखणं किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होणारं." मी सातवीतून शाळा सोडलेला. समोर कागद आणि प्रश्न विचारणारं माणूस दिसलं की अजून परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. बरोबर उत्तर एकच असतं आणि ते विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, अशी माझी समजूत. मी म्हणायचो, शून्य. उकिडवं बसता येतं? येतं. खोलीवर मात्र संडासात नळ धरून उठायचो. रॉड जिथून घातला होता तो गुडघा ठणकायचा. पण डॉक्टरांच्या हातचं काम दुखतं, असं माझ्या तोंडून कागदावर कसं जाऊ द्यायचं? ताई "छान" म्हणायच्या आणि मी पास झाल्यासारखा बाहेर पडायचो. असं तीनदा झालं.

शेवटच्या भेटीला बाकावर पाथर्डीकडचा एक ऊसतोडीवाला शेजारी होता. चाकाच्या खुर्चीत त्याची बायको, मोडलेला पाय फळीला बांधलेला, मांडीवर अभ्यासाला होकार द्यायचा कागद.

"पाव्हनं, तुमाला काय बसवलं?"

"रॉड."

"बरं हाय का? हिला उकिडवं बसून मोळ्या बांधाव्या लागत्यात. तुमी बसता?"

"बसतो की." सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"बसा बरं."

बसलो. अर्ध्यात गुडघा अडकला, बाक धरायला गेलो आणि बुडावर आपटलो. त्यानं काखेत हात घालून उचललं.

"अवो, ह्ये बसनं न्हाई, पडनं हाय!"

बायको फसकन हसली. तो कागदाकडं बघत म्हणाला, "मंग चांगलं कुठलं, ते ह्यांना कसं कळनार?"

"आमच्यासारख्यांना विचारून."

"अन् तुमी काय सांगितलं?"

तेवढ्यात माझा नंबर आला. तसाच उठून आत गेलो. कान तापले होते.

"ताई, मागचं सगळं मी खोटं सांगितलं."

ताई चिडल्या नाहीत, त्यानं जास्तच कानकोंडं झालं. "दुखत होतं तर बोलायचं ना दादा."

"डॉक्टरांना वाईट वाटलं असतं."

"त्यांना कळावं म्हणूनच तर मी विचारत होते."

"मागचं खोडा मग."

"खोडता येत नाही. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते तसंच राहतं. आज हे सांगितलंत, तेवढं मी खाली लिहिते." त्यांनी नवा कागद ओढला. "दुखणं किती?"

"पाच." पाचही बोटं पुढं धरली.

बाहेर आलो तेव्हा ते दोघं तिथंच होते. तोंड चुकवून जिन्याकडं वळलो होतो, परत फिरलो. "मला बसता येत नाही. मी त्यांना येतं म्हणून सांगत होतो. वर्षभर."

बायकोनं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"मी न्हाई बाई तसलं करायची. दुखलं तर दुखलं म्हनूनच सांगीन," ती म्हणाली आणि कागदावर अंगठा उठवायला शाई मागितली.